डावं मडगार्ड

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांची गाडी बहुधा सापडली. गॅरेज बंद करताना त्यांनी ती दलालाला विकली आणि ती जहाजात चढून इकडे आली, एवढ्याच माहितीवर इतकी वर्षं शोधतोय. किती शेड पालथ्या घातल्या, कितीदा तोंडघशी पडलो, तुला माहीतच आहे. ही गाडी एका निवृत्त दंतवैद्याकडे आहे. रंग बदललाय, इंजिनही दुसरं बसवलंय. पण डावं मडगार्ड हाताने ठोकलेलं आहे. बाबा जोडाला वेल्डिंग करत नसत, एक पत्रा दुसऱ्यात दुमडून सपाट ठोकत. तशीच दुमड इथे दिसते. आतल्या बाजूचा फोटो सोबत पाठवतोय, त्यांना दाखव. ते हो म्हणाले की मी सुटलो. बाबा एकदा समाधानाने हसले म्हणजे मिळवली.

रविवार संपला, तुझा लोभ संपू नये.
दमलेला,
पाना

१९ मार्च

चि. पान्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. फोनवर बाबांना काही ऐकू येत नाही, त्यामुळे तुझं पत्र आलं की मला अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचावं लागतं. फोटो त्यांनी खिडकीपाशी नेला, भिंग लावून पाहिला आणि ही आपली नव्हे म्हणाले. आपलं काम इतकं गबाळं नसतं म्हणे. नीट बघा म्हटलं, तर माझ्यावरच उखडले. शोधत राहा, असा निरोप आहे. मला विचारशील तर आता पुरे. एखाद्या रविवारी घरी दिसलास तर तुझी बायको पाहुणा समजून चहा विचारेल.

लोभ आहे म्हणूनच बोलते.
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परत जाऊन पाहून आलो. माझ्या डोळ्यांना ती दुमड बाबांचीच वाटते, पण त्यांच्यापुढे माझं काय चालणार? मी हात टेकले, ताई. आता शोध बंद. बाबांना तूच सांग, मला लिहवत नाही.

कळावे. लोभ आहे तेवढा राहू दे.
पाना

१६ एप्रिल

चि. पान्यास,
अ. उ. आ.

शोध बंद केलास हे सांगितलं. बाबांनी उशीखालून फोटो काढला, दुमडीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, गाडी आपलीच आहे, बघताक्षणी ओळखली होती.

माझा पारा चढला. पोरगा तिकडे जिवाचं रान करतोय आणि तुम्ही खुशाल खोटं बोललात, असं तोंडावर बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, पूर्वी त्याचं पत्र म्हणजे तब्येत सांभाळा, औषधं घ्या, खाली सही. गाडी शोधायला लागला तेव्हापासून पानंच्या पानं येतात. सापडली म्हटलं असतं, तर पुढे त्याने मला काय लिहिलं असतं?

दोघंही रडलो, ते तुला कशाला लपवू?

तेव्हा येत्या रविवारी पोटभर झोप काढ. उठलास की बाबांना पत्र लिही. नळ गळतोय, शेजारी भांडतोय, काहीही चालेल.

आमचा लोभ पानं मोजून नाही, तरी चांगलं लांबलचक लिही.
ताई