प्रश्न पूर्ण व्हायच्या आत

९ मार्च २००४
इंटरव्ह्यू झाला. उत्तम. इन्शुरन्स कंपनी, सीनियर प्रोग्रॅमरची जागा, घरापासून कारने अकरा मिनिटं. आमच्या सबंध शॉमबर्ग गावात याहून जवळची नोकरी नाही. मॅनेजर ग्रेग जेमतेम पस्तिशीचा. त्याचा एकही प्रश्न मी पुरा होऊ दिला नाही, आधीच उत्तर. पुण्याला इंजिनिअरिंगच्या ओरलला सरांनी तोंड उघडायच्या आत उत्तर देणारा मी एकटाच होतो. शेवटी ग्रेग नुसता पेन फिरवत बसला. इम्प्रेस झाला. चौदा महिने घरी बसलोय, ते संपलं. सुहासिनीला सांगून ठेवलं, सोमवारपासून दोन डबे, एक तिच्या लायब्ररीचा, एक माझा.

२२ मार्च
पत्र आलं. म्हणे ओव्हरक्वालिफाइड. चौकशी केली तर जागा एकोणतीस वर्षांच्या माणसाला दिलेली. मी त्रेपन्न. वय नडलं, दुसरं काय. पण मी गप्प बसणाऱ्यातला नाही. संकल्प: केस करणार, रोज पहाटे फिरणार, गोड बंद.

२३ मार्च
बर्फ. फिरणं एप्रिलपासून.

४ एप्रिल
वकील ठरली. प्रीता, माझ्या जुन्या मित्राची, संजीवची मुलगी. जन्म इथला, बोलते इंग्रजीत, पण मला काका म्हणते. तिनं समजावलं: कंपनी काहीतरी कारण देणारच. ते कारण खोटं आहे, वय लपवायचा बहाणा आहे, हे आपण सिद्ध करायचं. म्हटलं, एवढंच? सुहासिनी म्हणाली, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. म्हटलं, इथल्या कोर्टाला लिफ्ट आहे.

११ ऑगस्ट
कोर्टाआधी सरकारी ऑफिसात तक्रार करावी लागते, ती केली होती; तिला कंपनीचं उत्तर आलं. आता नवंच कारण: उमेदवार समोरच्याचं ऐकून घेत नाही. प्रीता खुशीत. पत्रात एक कारण, उत्तरात दुसरं. कारण बदललं की बहाण्याचा वास येतो, म्हणाली. शिवाय, काका, तुम्ही जे काही लिहून ठेवाल ते, असं काहीतरी सांगायला लागली. मुद्दा कळला होता. हो हो म्हटलं आणि फोन ठेवला. ऐकून घेत नाही म्हणे.

६ ऑक्टोबर २००५
केस कोर्टात आहे. पुढच्या आठवड्यात माझी जबानी, कंपनीचा वकील प्रश्न विचारणार. ती नीट झाली तर कंपनी नोकरी देऊनच मिटवेल, असं प्रीताचं मत. आज तिनं तालीम घेतली. नियम तीन: प्रश्न पूर्ण ऐका, तेवढंच उत्तर द्या, गप्प बसा. दुसरा ती सांगत होती तेवढ्यात तिसरा मीच सांगून टाकला. नवा टाय घेतला. नोकरीलाही चालेल.

१२ ऑक्टोबर, दुपारी ४
कंपनीच्या वकिलाला जागचं हलू दिलं नाही. सगळं टाइप करणाऱ्या बाईंनी सहा वेळा विनंती केली, दोघांनी एकदम बोलू नका. त्याला उद्देशून असावी. त्यानं विचारलं, इंटरव्ह्यूबद्दल तुमच्याकडे काही नोंदी... तिथेच अडवलं. म्हटलं, नोंदी कसल्या, रोजनिशी आहे, त्याच दिवशी लिहिलेली. वकील हसला. प्रीतानं डोळे मिटून घेतले. दमली असेल बिचारी.

१३ ऑक्टोबर
रोजनिशी त्यांना द्यावी लागणार, इंग्रजी भाषांतरासकट. खुशाल द्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

२ नोव्हेंबर
भाषांतर आलं. ९ मार्चचं पान सुहासिनीनं दोनदा वाचलं आणि माझ्यापुढे ठेवलं. इंग्रजीत ते बरं दिसत नाही. भाषांतर करणारा कच्चा असावा.
प्रीताचा फोन. ग्रेगचं कारण खरं होतं याला आता साक्षीदार मिळालाय, काका, आणि तो तुम्ही आहात. केस मागे घ्यावी म्हणते.

९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७
केस मागे घेतली. वाईट वाटतंय. अकरा मिनिटांवर होती नोकरी.
तरी हरलेलो नाही. सकाळी कामावर निघताना सुहासिनी म्हणाली, एक विचारायचं होतं. मी लगेच ठणकावलं, पुन्हा केस करणार म्हणजे करणार. ती गेली.
आत्ता जेवताना आठवण झाली म्हणून विचारलं, सकाळी काय विचारायचं होतं. तिच्या लायब्ररीत कॉम्प्युटर सांभाळायची जागा निघाली होती. तुमचं नाव देऊ का, एवढंच विचारायचं होतं.
मुदत आज पाचपर्यंत होती.