सहावा सिलिंडर

सोमवार, १२ ऑगस्ट १९७४

सहाव्या सिलिंडरच्या भिंतीवर चरा पडलाय. माझ्याच हातून. पिस्टन आत सोडताना रिंग अडकली, मी घाईत तशीच दाबली. गाढव! रविवारी शर्यत. इंजिनचा दुसरा ब्लॉक नाही. भिंत बदलून देणारा शार्लटचा कारखाना आठवडाभर बंद.

मंगळवार

हार्लनला सांगणार होतो. गाडी तोच चालवणार. आला, बाकावर बसला, कोकच्या बाटलीत शेंगदाणे टाकून पीत राहिला. "काका, आपला खर्च उचलणाऱ्या सॉसेजवाल्यांनी निक्षून सांगितलंय. रविवारी गाडी उतरली नाही तर पैसा बंद. मग मी आहेच पुन्हा सूतगिरणीत." चार वर्षांत एकही शर्यत जिंकलेला नाही बिचारा. खरं कळलं असतं तर त्यानं गाडी मागे घेतली असती, तसाच आहे तो. 

बुधवार

चरा जाईपर्यंत तेवढा एकच सिलिंडर आतून घासून मोठा केला. त्यात मोठा पिस्टन. इंजिन किती मोठं असावं याला नियमात मर्यादा आहे; आमची मापं आधीच तिच्या काठावर असतात. आता इंजिन नियमाबाहेर गेलं. केसभरच – पण बाहेर ते बाहेरच. संध्याकाळी बुधवारच्या प्रार्थनेला चर्चला गेलो नाही. बायकोला, मेबेलला म्हणालो, पोट बिघडलंय.

शुक्रवार

शर्यतीनंतर फक्त जिंकणाऱ्याचं इंजिन उघडून मोजतात. म्हणजे हार्लन दुसरा यायला हवा, बस. कार्ब्युरेटर जरा आवळून ठेवावा, म्हणजे गाडी थोडी मंद पळेल, असं मनात आलं – हात धजला नाही. हरण्यासाठी देवाची विनवणी करतोय. लाज वाटते मला माझी.

रविवार

शेवटपर्यंत तिसरा होता. राहा तिथंच पोरा, राहा, असं पुटपुटत होतो. मग पुढचे दोघे एकमेकांना घासले, ट्रॅकच्या भिंतीवर गेले आणि हा मधून निघाला. जिंकला! गाडीतून उतरला तो थेट माझ्या गळ्यात. रडत होता. "काका, काय इंजिन दिलंत!" त्याची बायको लोरेटा माझे ग्रीसनं बरबटलेले हात धरून उभी. 

गाडी तपासणीच्या शेडमध्ये नेलीय. मोजणार बर्ल कॉगिन्स. त्यानं सख्ख्या मेव्हण्याची गाडी बाद केली होती. मनाला येईल तो एकच सिलिंडर मोजतो आणि त्यावरून अख्ख्या इंजिनाचा हिशोब लावतो. सहावा सोडून कुठलाही घे, बर्ल. देवा, कुठलाही.

रविवार, नंतर

बर्लनं झाकण काढलं, मोजायचं मापक हातात घेतलं आणि माझ्याकडे बघून हसला. "व्हर्जिल, तुझं इंजिन मोजायचं म्हणजे उगाच वेळ घालवणं. इतकी वर्षं बघतोय मी. तूच सांग कुठला मोजू – उरकतो आणि जेवायला जाऊ." हार्लन शेजारीच होता.

मी सहाव्यावर बोट ठेवलं.