कडकन वाजलेली मान

बुधवार, सांज

न विचारता मान मोडतेच कशी कोणी! धानाचे भारे वाहून आखडली, म्हणून मी आरमोरीच्या फिजिओथेरपीवाल्याकडे गेली. त्यानं डोक्स धरलं अन् कडकन फिरवलं. कोंबडीची मान मोडल्यावानी आवाज. मंग मी म्हटलं, "भाऊ, मले बीपीची गोळी चालू आहे, चालते न असं?" तर हासते. "बाई, भेता काऊन? मोकळी झाली."

चालते का, ते सांगतलंच नाई.

दुखणं कमी आहे, खोटं काऊन बोलू? पण मान वळवली का गरगरते. नवरा म्हणते, "आवाज आला म्हंजे नस बसली." आवाज त कोंबडीचाबी येते, ते बसते का उठून?

उद्या सरकारी दवाखान्यात दाखवतो. त्या फिजिओथेरपीवाल्यालेबी फोनवर सांगतलं, "गरगरते काऊन, शुक्रवारच्या आत सांग. तोवर माह्या मानेले हात नाई लावाचा."