शीतलचा राहिलेला प्रश्न

नमो बुद्धाय
बँकॉक, १२ जानेवारी २०२५

ती. गुरुजींस,
बेबीनंदाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मी सुखरूप पोहोचले. विमानात तुमच्या रिकाम्या झालेल्या जागेवर एक परका माणूस बसला होता. तो सारी वाट माझ्या खांद्याकडे कलून घोरत होता, त्यामुळे तुमची उणीव फारशी जाणवली नाही. थट्टा करते आहे. डॉक्टरांनी तुमच्या हृदयात जाळी बसवली आणि सध्या विमान नको म्हणून सांगितलं, तेव्हापासून मला या प्रवासात गोडी नव्हती. पण तुम्हीच हट्टाने पाठवलंत, आता ऐका.

ऐका म्हणजे वाचा. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले, की शेजारच्या फ्लॅटमधली बाई दार उघडून बघते. म्हणून आपल्या सुमेधाने तोडगा काढला आहे. मी वहीत लिहायचं, तिने फोटो काढून शीतलच्या मोबाईलवर टाकायचा, आणि शीतलने स्टेशनजवळच्या दुकानातून त्याचा कागद काढून तुमच्या हातात द्यायचा. तुमचं पत्रही तसंच उलट येईल.

आपली लेक चौदाव्या मजल्यावर राहते. बियाण्यांच्या प्रयोगशाळेतून सायंकाळी सातला येते, तोवर मी ज्वारीचं पीठ आणि ठेच्याची बरणी यांच्याशी बोलते. शनिवारी मात्र तिला सुट्टी. सकाळी शहराबाहेर जायचं, दिवसभर फिरायचं, रात्रीला घरी, असा तिचा बेत आहे. काल आम्ही रुळांवरचा बाजार पाहिला. बायका थेट रेल्वेच्या रुळांलगत भाजी मांडून बसतात. गाडीचा भोंगा वाजला, की सावलीचं कापड मागे ओढतात. गाडी एका बाईच्या वांग्यांवरून गेली आणि एकही वांगं हललं नाही. बदनापूरच्या स्टेशनात असं कोणी केलं तर स्टेशनमास्तर चक्कर येऊन पडतील.

पुढच्या शनिवारी अयुथ्थया, इथली जुनी राजधानी. तिथे बघायच्या चौदा गोष्टींची तुमची यादी पर्समध्ये आहे, काळजी नसावी. गोळ्या वेळेवर घ्या. लोभ आहेच, हजारो मैलांनी तो काही पातळ होत नाही.

आपली,
बेबीनंदा


बदनापूर, १५ जानेवारी २०२५

प्रिय बेबी,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. वांग्यांचा भाग शीतलला दोनदा वाचून दाखवला. ती रोज भाकरी घेऊन येते. अंगणवाडीतून सुटली, की आधी माझ्या गोळ्यांचं पाकीट मोजते, मगच चहा पिते. माझ्या हाताखाली दुसरीत असताना तिला पाढे येत नव्हते, आता मला बराबर हिशेबात ठेवते.

अयुथ्थयाच्या यादीतल्या तेरा गोष्टी तू सोडल्यास तरी चालतील. चौदावी सोडू नकोस. भोकरदनकडच्या माझ्या शाळेत भिंतीवर एक चित्र होतं, तुला आठवत असेल. जुन्या कॅलेंडरचं पान. झाडाच्या मुळांनी वेढलेलं भगवंतांचं दगडी मस्तक. एकोणतीस वर्षं ते माझ्या पाठीमागे टांगलेलं होतं. उन्हाने ते इतकं विटलं, की डोळ्यांच्या जागी नुसते दोन डाग उरले. हीच शीतल सात वर्षांची असताना तिने उभं राहून विचारलं होतं, गुरुजी, हे झोपलेत का? मी म्हणालो, प्रत्यक्ष बघून येईन, मग सांगेन. वर्ग हसला. तिला अजून आठवतं, आणि मलाही.

शीतल म्हणते, मोबाईलवर एका मिनिटात दाखवते. मी तिला हात लावू दिला नाही. मोबाईलवरच बघायचं असतं तर बायकोला कशाला विमानात बसवलं असतं? मला जाता येणार नाही हे आता मी धरून चाललो आहे. तू माझे डोळे हो आणि एवढंच सांग, त्यांचे डोळे उघडे आहेत की मिटलेले.

इकडे थंडी आहे. तुझा स्वेटर मी घालतो, कोणी बघत नाही. आठवण ठेव, मी तर ठेवतोच आहे.

तुझा,
देवानंद


बँकॉक, १९ जानेवारी २०२५

ती. गुरुजींस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

काल अयुथ्थयाला जाऊन आलो. रेल्वेने दीड-दोन तास लागले. डब्यात वारा छान येतो, खिडक्या आपल्यासारख्याच. शेतात भात आहे, पांढरे बगळे आहेत. एक बाई भाजलेली केळी विकत होती, ती खाल्ली. जुन्या शहरात विटांचे पडके मनोरे पुष्कळ आहेत. शत्रूने शहर जाळलं तेव्हा मूर्तींची मस्तकं तोडली म्हणतात. रांगेने धडं बसलेली आहेत. बघवत नाही. नदीकाठी शेवयांसारखा पदार्थ खाल्ला, माशांचा वास होता.

ते झाडही आहे. मोठं आहे. पिंपळाच्या जातीतलं वाटलं. तिथे गर्दी होती.

परतीचं तिकीट अलीकडचं मिळतं का बघ, असं सुमेधाला सांगितलं आहे. तुमच्या खाण्याचे हाल होत असतील. शीतलला तरी किती त्रास द्यायचा? लोभ राहू द्यावा.

आपली,
बेबीनंदा


बँकॉक, २० जानेवारी २०२५

ती. बाबांस,
सुमेधाचा सविनय जयभीम. वि. वि.

आईच्या पत्राचा फोटो मीच काढते, त्यामुळे तिने काय लिहिलं नाही ते मला माहीत आहे. ते मी लिहिते. तिला कळू नये म्हणून ऑफिसात बसून लिहिते आहे.

शनिवारी आई सकाळी पाचला उठली. पांढरी साडी नेसली. गाडीत तुमची यादी तीनदा काढून वाचली. त्या झाडाशी गेलो तेव्हा ती माझ्या पुढे, अगदी जवळ जाऊन उभी राहिली आणि हात जोडणार, इतक्यात तिथला रखवालदार आला. त्याने तळवा पालथा करून खाली दाबल्यासारखा हात केला, म्हणजे खाली बसा. आई नुसती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने पुन्हा तसाच हात केला. मागे माणसं थांबली होती. मी घाईघाईत आईचं मनगट धरलं, खाली ओढलं आणि म्हणाले, बस ना आई, जल्दी.

बाबा, तिने माझ्याकडे जसं पाहिलं तसं आजवर कधी पाहिलं नव्हतं. हात सोडवून ती सरळ फाटकाबाहेर गेली. जाताना मस्तकाकडे तिने नजरही टाकली नाही. गाडीत एकच वाक्य बोलली, "बसवून राह्यला तो मला. आन् तूबी." कालपासून भाकऱ्या थापते आणि खिडकीत बसते. पुढचा शनिवार नको म्हणते.

तिथे सगळेच बसतात, हे मी तिला आधी सांगायला हवं होतं. नंतर सांगितलं, पण ते तिला ऐकू गेलं नाही. आपल्या घरी आलेला माणूस खुर्चीवरच बसतो, भंगारवाला असो की पोस्टमन, ही आईची रीत मला ठाऊक आहे. तुमच्या पहिल्या पगारात घेतलेल्या चार लोखंडी खुर्च्याही ठाऊक आहेत. त्यामागचं मला कोणी कधी सांगितलं नाही. सांगाल का? मला फार वाईट वाटतं आहे. तुमच्या मायेची नेहमीसारखीच गरज आहे, आज जरा जास्त.

तुमची,
सुमेधा


बदनापूर, २२ जानेवारी २०२५

प्रिय बेबी,
सप्रेम जयभीम. वि. वि.

सुमेधाने मला सगळं कळवलं. तिच्यावर रागावू नकोस. तुझ्या पत्रात केळीवर दोन ओळी आणि त्या झाडावर चार तुटक वाक्यं होती, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

हे पत्र सुमेधाच्या मोबाईलवर येणार, म्हणजे ती आधी वाचेल. वाचू दे. आपण तिला खुर्च्या दिल्या, त्यांची गोष्ट दिली नाही. आपल्या लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात तू मला ती सांगितलीस आणि नंतर पुन्हा कधी त्यावर बोलली नाहीस. तीर्थपुरीजवळच्या तुझ्या गावात मोठ्या घरचं लग्न होतं. तू आठ वर्षांची होतीस. तुझ्याच वयाची एक मुलगी ओट्यावर बसली होती, तू जाऊन तिच्या शेजारी बसलीस. कोणीतरी वरूनच हात केला, खाली. तू हलली नाहीस. तेव्हा तुझ्या वडिलांनी, साहेबरावांनी, सगळ्यांदेखत तुझं मनगट धरून तुला खाली मातीत बसवलं. तू मला म्हणाली होतीस, त्या लोकांचं मी विसरले, बापाचा हात विसरत नाही. तो माणूस त्या दिवशी घाबरला होता, बेबी. शेवटच्या दुखण्यात तो आपल्या खुर्चीवर बसून तुझा हात सोडत नव्हता, ते मी पाहिलं आहे.

तू तिथून उठून आलीस ते मला पटलं. मी असतो तर तुझ्या मागोमाग आलो असतो.

आता माझी चूक सांगतो. तिथल्या लोकांची रीत अशी, की आपलं डोकं भगवंतांच्या मस्तकाच्या वर ठेवायचं नाही. ते मस्तक जमिनीलगत आहे, म्हणून तिथे येणारा प्रत्येकजण खाली बसतो. गोरा असो, तिथला अंमलदार असो, भिक्खू असो. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. यादीत चौदा गोष्टी लिहिल्या आणि हीच लिहायची राहिली. जन्मभर मास्तरकी केली आणि जे आधी सांगायचं तेच विसरलो. दोष रखवालदाराचा नाही, पोरीचा नाही, माझा आहे. मला माफ कर.

पुन्हा जा म्हणून हे लिहीत नाही. डोळ्यांचं मी आता विचारणार नाही. शीतललाही सांगितलं, तो प्रश्न राहू दे. ती कप विसळत राहिली. तू लवकर ये किंवा उशिरा, घर तुझंच आहे आणि मीही.

तुझा,
देवानंद


बँकॉक, ३१ जानेवारी २०२५

ती. गुरुजींस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र सुमेधाने मला वाचून दाखवलं नाही. माझ्यापुढे ठेवलं आणि आत जाऊन रडत बसली. मी वाचलं, मग आत गेले. पुढचं आम्हा मायलेकींचं आहे, ते लिहीत नाही. तिकीट बदललेलं नाही, तेवढं कळवते.

त्यानंतर आठ दिवस मी विचार करत होते. विहारात दर पौर्णिमेला मी सतरंजीवर बसते, गुडघे दुखतात तरी बसते. तिथे मला कोण बसवतं? कोणी नाही. मंग काल गुरुवारी सुमेधा कामावर गेल्यावर मी एकटी निघाले. तिने मागे एकदा जायच्या-यायच्या ठिकाणांची चिठ्ठी इथल्या भाषेत लिहून दिलेली होती, ती खिडकीवर दाखवली आणि तिकीट मिळालं. बदनापूरहून जालन्याला जाते तशी गेले. केळीवाली भेटली, तिने मला ओळखलं. सुमेधाने रात्री बोल बोल बोलून घेतलं, आता तुम्ही बोलू नका.

उन्हाची वेळ होती, माणसं थोडी होती. तोच रखवालदार होता. तो पानं झाडत होता आणि मस्तकासमोरून जाताना स्वतः कमरेत वाकून, जवळजवळ बसूनच जात होता. मला बघून त्याचा हात वर आला, पण त्याने काहीच केलं नाही. ओळखलं असावं. तो बाजूला झाला.

मी आधी उभी राहूनच पाहिलं. मुद्दाम. मला उभं राहता येतं हे मला बघायचं होतं. तो पानं झाडत राहिला. उभं राहून पाहिलं तर डोळे मिटलेले वाटतात, तुमच्या चित्रातल्यासारखे. म्हटलं, चला, उत्तर मिळालं. पण परत फिरायला मन होईना. मंग मी बसले. मातीतच बसले, साडी मळू दिली. मला कोणी बसवलं नाही गुरुजी, मी बसले. बाप आठवला. त्याच्यावरचा राग किती वर्षं मनगटात धरून होते ते तेव्हा कळलं, कारण तो गेला.

उठताना गुडघ्याने दगा दिला. रखवालदार धावत आला, हात दिला, आणि झाडाखालची आपली प्लास्टिकची खुर्ची आणून माझ्यापुढे ठेवली. आपल्या घरची रीत त्याला कोणी सांगितली कोण जाणे. मी बसले आणि त्याला माझ्या डब्यातली ठेचा-भाकरी दिली. ठेचा खाऊन त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी नऊ तारखेला येते. स्टेशनवर स्वेटर घालून या, आता सगळ्यांनी बघितला तरी हरकत नाही. माया जशी आहे तशी असू द्या, ती मला पुरते.

आणि शीतलला सांगा, प्रश्न राहू द्यायचं कारण नाही. उभं राहून बघणाऱ्याला ते मिटलेले दिसतात. खाली बसलं, की पापणीच्या आत दिसतं. डोळे उघडे आहेत. जो खाली बसला आहे त्याच्याकडेच ते बघतात. झोपलेले न्हाईत.

आपली,
बेबीनंदा