तिसरं पिंप

४ फेब्रुवारी

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुमच्या वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवते आहे. फोनवर विचारलं तर तुमचे चिरंजीव शेजारीच असतात आणि तुम्ही हवापाण्याचं बोलता.

मार्चअखेर मला इथल्या नोकरीचा राजीनामा द्यायचा आहे. वायनरी उभी राहिली, वाईन मुरते आहे, आता तूही परत ये, असं हा म्हणतो. पण आई, इथे असताना तो एका घोटावर तासभर बोलायचा. आता नुसती तापमानं आणि आकडे कळवतो. काहीतरी लपवतो आहे. माझी नोकरी सुटली की आपल्या तिघांच्या पाठीशी फक्त ती वाईन उरते. म्हणून विचारते, येऊ का? त्याला सांभाळून घेऊ नका, खरं सांगा.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
सून

१४ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

ग्रंथपाल बाईंनी पत्र कादंबरीत घालून दिलं. या वयात मला चोरून पत्रं येतात म्हणून त्या फार खूश आहेत.

आता खरं. गेल्या वर्षी द्राक्षं तोडायच्या दिवसांत त्याला ताप आला होता ना, तेव्हापासून तुझ्या नवऱ्याला वास येत नाही. मला कळलं ते दुधामुळे. दूध करपून खोलीत धूर झाला आणि हा तिथेच टेबलाशी वाचत बसलेला. लहानपणी आम्ही ज्याला नाक्या म्हणायचो, दाराबाहेरच्या चपला हुंगून कोण आलंय ते सांगायचा, तो हा. तुला कळवायचं नाही असं त्याने बजावलं. मी गप्प राहिले, तो त्याने होकार धरला.

तेव्हापासून रोज सकाळी पिंपं मी हुंगते. वाईन मी कधी तोंडात घेतली नाही. पण तुझे सासरे ज्या शेडमध्ये सुतारकाम करायचे, तिथेच आता ही पिंपं उभी आहेत. पहिल्याचा वास, दिवसभर रंधा मारून हे घरात यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला असायचा तसा. मी सांगते, तो आपल्या भाषेत लिहून घेतो. मला त्या कामाची ओढ लागली आहे, हेही लपवत नाही.

परवा तिसऱ्या पिंपाला नेलपॉलिशसारखा वास आला. त्याचा चेहरा उतरला, वाईन बिघडली की असा वास येतो म्हणे. मग म्हणाला, तपासणीत सगळं ठीक आहे, तुझं नाक दमलं असेल. मार्चच्या पहिल्या गुरुवारी हॉटेलवाल्या बाई चाखायला येणार आहेत. पसंत पडलं तर तिन्ही पिंपं उचलतील. त्यांच्यासमोर तो माझे शब्द स्वतःचे म्हणून बोलणार, आणि तिसऱ्यासाठीही मी काही चांगलं सुचवावं म्हणून मागे लागला आहे.

ये असं लिहायला हात धजत नाही, येऊ नको असंही. जो राग येईल तो माझ्यावर काढ, पण अबोला धरू नकोस.

तुझी,
आई

२४ फेब्रुवारी

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

आधी तुमचा राग आला, मग त्याचा, मग परत तुमचा.

वास गेला तर गेला. त्यासाठी मी नोकरी धरून बसणार नाही. पण बिघडलेलं पिंप तो जाणूनबुजून विकणार असेल, तर उद्या मलाही फसवेल. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला आहे. त्या बाईंसमोर तो काय करतो ते कळलं की द्यायचा की फाडायचा ते ठरवीन. हे त्याला सांगू नका. मला घाबरून तो खरं बोलला, असं मला नको आहे. आणि त्याला शब्द पुरवू नका. तुम्हाला गप्प राहायची सवय आहेच, ती या वेळी चांगल्या कामी लावा.

जास्त बोलले असेन तर लेक समजून पोटात घाला.

तुमची,
सून

८ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

टोमणा पोटात घातला. पचायला वेळ लागेल.

बाई येऊन गेल्या. त्याने तीन ग्लास भरले, तिसऱ्या पिंपातलाही. पहिले दोन माझ्या शब्दांवर निभावले. तिसरा त्यांनी हुंगला, खाली ठेवला आणि तुम्हाला यात कसला वास येतो, असं त्यालाच विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. शाळेच्या नाटकात ओळ विसरला की असाच पाहायचा, आणि मी पहिल्या रांगेतून ओठ हलवायचे. शब्द अगदी ओठावर आला होता. मी ट्रेची कड घट्ट धरून उभी राहिले. त्याची नजर काही हटेना. तुझा राग आला मला त्या वेळी.

मग तो म्हणाला, "मला वास येत नाही. माझ्या आईला येतो. हे पिंप बिघडलंय असं तिने सांगितलं होतं, तरी मी ग्लास भरला."

बाईंनी मला जवळ बोलावलं आणि पहिल्यात कसला वास येतो ते विचारलं. मी ह्यांच्या सदऱ्याचं सांगितलं. त्यांनी पहिला ग्लास पुन्हा उचलला. कळवते म्हणाल्या, अजून कळवलेलं नाही. तिसऱ्याचं व्हिनेगर होईल.

काल दूध तापत होतं. त्याने पुस्तकातून मान वर करून विचारलं, आई, करपतंय का? करपत नव्हतं. पण इतक्या महिन्यांत त्याने पहिल्यांदा विचारलं.

तुझं तू ठरव. तुझी खोली झाडून ठेवली आहे. तू आली नाहीस तरी झाडत राहीन.

तुझी,
आई

१८ मार्च

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

राजीनामा आज दिला. बाईंचं काय ठरतं ते तिघं मिळून बघू. येताना जुन्याच चपला घालून येते. त्याला ओळखू आल्या नाहीत तर तुम्ही सांगा.

भेटीपर्यंत आहे तेवढ्या मायेवर भागवते.

तुमची,
सून

ता. क. हे पत्र घरच्या पत्त्यावर टाकते आहे. त्याच्या हाती आधी पडलं तर त्यालाच फोडू द्या.