नवाफकडे न टाकलेला चेंडू

यान्बू,
रविवार, १७ नोव्हेंबर २०१९

प्रिय कुबरा,

अस्सलामु अलैकुम. मी बरा आहे. तू, अम्मा आणि आपली मेहेक बऱ्या असाल असं धरून चालतो.

दाढ काढली त्याचा हिशेब आधी देतो, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस. डॉक्टरचे पैसे इन्शुरन्सने भरले. गोळ्या कंपनीच्या दवाखान्यातून फुकट मिळाल्या. दौलतने मटण केलं होतं, ते खोलीतल्या बाकीच्यांनी माझ्यासमोर हाडं चोखत खाल्लं आणि मी पेज प्यालो. शिवाय गुरुवारची रजा गेली. बंदराच्या या यार्डात आजारपणाची रजा मी पहिल्यांदाच घेतली. म्हणजे दाढ फुकट पडली, ती रजा मात्र महाग गेली.

पत्र कशाला, फोन आहे की, असं म्हणशील. पण तू फोन स्पीकरवर टाकून ओटीवर ठेवतेस. अम्मा ऐकते, मेहेक ऐकते, शेजारची शबनम सूप पाखडायचं थांबवून ऐकते. काही गोष्टी आधी तू एकटीने ऐकायला हव्यात. दौलत मंडणगडला सुट्टीवर चाललाय, तो हे पत्र हातोहात देईल. त्याला चहा पाज, पण पत्र वाचून होईपर्यंत काही विचारू नकोस. त्याच्या पोटात काही राहत नाही.

रकानबद्दल तुला मागे बोललो होतो. माझ्या शेजारी बसवलेला सौदी पोरगा, ओहायोहून शिकून आलेला. मी तेव्हा म्हणालो होतो, कॉफीचा मग घेऊन येतो आणि खिडकीतून बघत बसतो. ते अर्धंच खरं होतं. शुक्रवारी मी त्याचा खेळ बघायला गेलो.

खेळ अमेरिकन फुटबॉल. नाव फुटबॉल, पण पाय फारसा लावत नाहीत. चेंडू सालीसकट नारळासारखा, दोन्हीकडून निमुळता. खऱ्या खेळात म्हणे एकमेकांना आडवे करतात. इथली पोरं कमरेला रिबनी बांधून खेळतात, चेंडूवाल्याची रिबन ओढली की तो मेला. चार डावांत चेंडू पुढे न्यायचा, शेवटची रेघ ओलांडली की गुण. या सगळ्याचा नाखवा म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू पहिल्यांदा त्याच्या हातात येतो. समोरून माणसं अंगावर धावून येतात, आणि तेवढ्यात त्याने बघायचं की आपला कोण मोकळा सुटलाय, आणि तिथे चेंडू फेकायचा. रकान यान्बूच्या पोरांचा क्वार्टरबॅक आहे.

मी दौलतला म्हटलं, "हे तर आपलंच काम. मी रेडिओवर दुसरं काय करतो? कुठली क्रेन मोकळी, कुठला ट्रेलर कुठे."

दौलत म्हणाला, "इसहाकभाई, तुमच्या अंगावर कोण धावून येत नाही."

"चंद्रशेखर साहेब येतो की."

"तो चालत येतो."

कॉर्निशजवळच्या, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यालगतच्या हिरवळीवर असरच्या नमाजानंतर खेळ सुरू झाला. समोर जेद्दाची पोरं, अंगाने दांडगी. तुला माहीत आहे, मला कोणाचं मोजमाप घ्यायचं असलं की मी डोळ्यांआधी कान लावतो. क्रेनचा दोर कुरकुरला की मी खोलीत बसून सांगतो कुठलं चाक कोरडं पडलंय. म्हणून बाजूला जाऊन, रेघेपाशीच उभा राहिलो.

पोराचा हात काय सांगू! चेंडू हातातून सुटतो तेव्हा आवाजच येत नाही. लांब फेकतो तेव्हाही तो फिरत, सरळ, जणू दोरीवरून गेल्यासारखा जातो. दुसरं म्हणजे पाय. अंगावर दांडगट धावून येतोय आणि हा घाई करत नाही, अर्धं पाऊल मागे घेतो, बस्स. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत आवडली. एक चेंडू त्याने चुकीचा टाकला, जेद्दाच्या पोराने तो हवेतच पळवला. आपल्यातला कोणी असता तर ज्याच्याकडे टाकला त्याच्या नावाने शंख केला असता. याने छातीवर हात मारला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "माझी चूक." लगेच पुढच्या डावाला उभा. इतक्या वर्षांत रेडिओवर मी "माझी चूक" हे शब्द ऐकलेले नाहीत. माझ्या तोंडून तर नाहीच.

खोटही आहे. लांबच्या फेकीचा त्याला मोह आहे. तुर्की नावाचा एक गोलमटोल पोरगा त्याच्या जवळच मोकळा उभा असायचा, हात वर करून थकला बिचारा. हा त्याच्या डोक्यावरून लांब फेकायचा. यार्डातही याचं हेच. एक ट्रेलर नीट लावायचा सोडून तीन एकदम हलवायला जातो.

आणि दुसरी खोट मी कानाने पकडली. डाव सुरू करायला तो "हट!" असं ओरडतो, आपण अंगणातल्या कुत्र्याला म्हणतो तसं. नवाफ नावाचा त्याचा चुलतभाऊ पलीकडच्या टोकाला धावतो, संघात सगळ्यांत चपळ. नवाफकडे फेकायचा असला की रकानचा हा "हट" तोकडा निघतो, मध्येच कापल्यासारखा. इतर वेळी लांब. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा मी दौलतला आधीच सांगितलं, "आता नवाफ." तिकडेच गेला. तोवर जेद्दाच्या पोरांनाही कळलं होतं. आवाज आला की दोघे-तिघे नवाफकडेच सुटायचे.

मधल्या सुट्टीत रकान पाणी प्यायला आला. तो हिंदी, इंग्रजी, अरबी सगळं कालवून बोलतो, मी तुला आपल्या भाषेत लिहितो. मला बघून खूश झाला.

"अम्म इसहाक! आलात तुम्ही!" अम्म म्हणजे काका.

मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, "बेटा, तुझं गुपित फुटलंय. नवाफला द्यायचा असला की तुझा आवाज तोकडा होतो."

त्याने इकडेतिकडे बघितलं आणि ओठावर बोट ठेवलं. "हळू, अम्म. तुम्हाला ऐकू आलं ना?"

"माझे कान आहेत ते."

"मग त्यांनाही आलं असेल. येऊ दे. अजून थोडं ऐकू दे त्यांना."

कुबरा, मी तोंड उघडं टाकून उभा राहिलो, दाढेची जागा वाऱ्याने ठणकेपर्यंत. दौलत हसत सुटला. म्हणाला, "भाई, तुमच्यासाठी गळ नव्हता टाकला, तरी तुम्हीच पहिले लागलात."

शेवटचा डाव. रेघ जवळ, बरोबरीत खेळ. रकान उभा राहिला आणि ओरडला, तोकडा, कापलेला. जेद्दाची सगळी फौज नवाफच्या अंगावर. नवाफ जीव खाऊन धावला, हात पसरले, चेंडू आता येणार अशी मान वळवली. आणि रकान हातात चेंडू धरून नुसता उभा. काही करीना. एक दांडगट त्याच्या रिबनीला हात घालतोय आणि हा गप्प. माझ्या तोंडातून निघालं, "अरे टाक!" तेव्हा त्याने तो नारळ हळूच, लहान मुलाच्या ओंजळीत खाऊ ठेवावा तसा, दोन पावलांवरच्या तुर्कीकडे सोडला. तुर्कीभोवती कोणीच नव्हतं. तो डुलत डुलत रेघ ओलांडून गेला आणि पलीकडे जाऊन बसलाच.

लोक ओरडत होते. मी ओरडलो नाही. मला यार्डातली गोष्ट आठवली.

ही गोष्ट तुला फोनवर मी माझ्या बाजूने सांगितली होती. गेल्या महिन्यात एका कोपऱ्यावर दोन ट्रेलर समोरासमोर येत होते. रेडिओ रकानकडे होता आणि तो गप्प. आमच्या धंद्यात रेडिओवर गप्प बसणारा म्हणजे झोपलेला. आम्ही सगळे सतत बोलतो: हां हां, चलो, यल्ला, आने दो, रुको. मीच त्याला शिकवलं होतं, रेडिओ रिकामा ठेवू नकोस. त्या दिवशी मी त्याच्या हातून रेडिओ हिसकावला आणि सगळ्यांना थांबवलं. मग तो कोपरा मोकळा करता करता दुपार गेली, पण अपघात टळला म्हणून सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. चंद्रशेखर साहेबाला मी म्हटलं, पोरगा कच्चा आहे, ऐनवेळी गोठतो.

खेळ संपल्यावर रकान घामाने भिजून आला. मी विचारलं, "त्या दिवशी कोपऱ्यावर तू गप्प का होतास?"

त्याला लगेच कळलं कुठला दिवस. "त्यातला एक ट्रेलर वळत होता, अम्म. ड्रायव्हरने चाक फिरवलं होतं. मी त्याचं वळण पूर्ण व्हायची वाट बघत होतो. मध्येच बोललो असतो तर तो अडकला असता."

तो अडकला तो माझ्या ओरडण्याने, हे त्याने म्हटलं नाही.

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तुम्ही सगळ्यांसमोर बोलत होता, अम्म."

एवढंच म्हणाला आणि तुर्कीला उठवायला गेला.

आता जे फोनवर बोललो नाही ते लिहितो. कंपनीला माझ्या जागेवर सौदी माणूस दाखवायचा आहे. गेली दोन-तीन वर्षं एकेक खुर्ची अशीच बदलते आहे, माझी उरली होती. रकानला माझ्या शेजारी कशाला बसवलं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तुला "मदतीला दिलाय" असं सांगितलं. गेल्या आठवड्यात चंद्रशेखर साहेबाने दार लावून घेतलं. सांगलीचा माणूस, मनाने चांगला. म्हणाला, "इसहाकभाई, तुमच्या एका शब्दावर आहे. पोरगा कच्चा आहे म्हणा, तुमचा इकाम्याचा परवाना अजून एक वर्ष वाढवून घेतो. तयार आहे म्हणालात तर माझे हात बांधले जातील. रविवारी सांगा."

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला आणि तू म्हणालीस, आवाज का असा? मी म्हटलं दाढ. दाढ दुखत होतीच, खोटं नव्हतं. पण आवाज दाढेचा नव्हता. माझ्या कानांची मी फुशारकी मारतो, पण या घरात खरे कान तुझे आहेत.

एक वर्ष म्हणजे मेहेकचं फार्मसीचं शेवटचं वर्ष आणि माडीचा स्लॅब. हे मी विसरलो नव्हतो. शनिवारभर तेच डोक्यात फिरत होतं. कच्चा हा शब्द काही मोठा नाही, एका श्वासात निघतो. पण तो शब्द पोराच्या नावापुढे चिकटला असता, आणि मी रिटायर झालो तरी निघाला नसता.

आज सकाळी साहेबाच्या खोलीत गेलो.

"बोला, इसहाकभाई."

"पोरगा तयार आहे, साहेब."

त्याने चष्मा काढला. "नीट विचार केलात?"

"लांबच्या फेकीचा मोह जरा आवरायला हवा. जवळचा मोकळा माणूस आधी बघायला शिकतोय. बाकी माझ्यापेक्षा बरा आहे."

"फेक? कसली फेक?"

"मी मॅच बघून आलोय, साहेब."

साहेबाला काही कळलं नाही, पण तो उठून टेबलाच्या या बाजूला आला आणि माझा हात हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, जानेवारीपर्यंत कागद होतील, हिशेब पुरा मिळेल, त्यात मी स्वतः लक्ष घालतो. मेहेकची फी त्यातून निघेल. स्लॅबला थांबावं लागेल. अम्माला माडी चढवत नाही, तिला त्याचं दुःख होणार नाही.

बाहेर आलो तर रकान रेडिओपाशी बसला होता, कॉफीचा मग शेजारी. खालून क्रेनवाला विचारत होता, कुठे लावू, कुठे लावू. रकान गप्प. मी दारात उभा राहिलो. हात शिवशिवले, तुझी शपथ. पण खिशात घालून ठेवले. मग त्याने सावकाश सांगितलं कुठे, आणि ते बरोबर होतं.

मेहेकला तू सांग, मी सांगितलं तर ती इंग्रजीत समजूत घालेल आणि मला निम्मं कळणार नाही. अम्माला मी आल्यावर सांगेन. तुझ्या भावाला काय सांगायचं ते तुझ्यावर सोडतो. मागच्या सुट्टीत त्याच्या मुलाच्या निकाहात मी भर मांडवात म्हटलं होतं, मी रेडिओ खाली ठेवला तर यान्बूचं बंदर जागच्या जागी उभं राहील. तू दाराआडून ऐकत होतीस. तो विसरला नसेल.

तिकडे पडवीत एक खुर्ची माझ्यासाठी मोकळी करून ठेव. मी फार बोललो तर मला गप्प कर.

या वेळी परतीचं तिकीट न काढता येणारा,
तुझा
इसहाक

ता. क. दाढ काढली त्या गुरुवारी फोन दिवसभर उशाशी घेऊन पडलो होतो. यार्डातून एकदाही वाजला नाही.