उजवीकडचा रकाना

सोमवार, ३

एकदाची पोहोचले. स्वतःची खोली, स्वतःची खिडकी आणि नळाला गरम पाणी. मागच्या कामाच्या घरी पेशंट आजोबांच्या पलंगाशेजारी गादी टाकून झोपत होते, त्यामानाने आता मी राणीच.

घरात दोघीच बहिणी. धाकट्या बाई चाळिशीच्या. दहा वर्षांपूर्वीच्या आजारात हातपाय गेले, असं थोरल्या बाई म्हणाल्या. थोरल्या निवृत्त नर्स, त्याच सगळं बघतात. हल्ली उचलणं झेपत नाही, म्हणून सेविका पुरवणाऱ्या आमच्या ऑफिसने मला राहायला पाठवलं. धाकट्यांची पाठ मी मुद्दाम तपासली. दहा वर्षं अंथरुणात आणि एक जखम नाही. नखं कापलेली, केसांना तेल, चादरीला सुरकुती नाही. बारा वर्षं हे काम करतेय, पण अशी सेवा पाहिली नव्हती. खरं सांगायचं तर जरा लाजच वाटली.

मंगळवार, ४

भिंतीवर तीन रकान्यांचा तक्ता आहे. 'स्वतः करते', 'मदतीने करते', 'आपण करतो'. दात घासणं, जेवण, कूस बदलणं, सगळं उजवीकडच्या शेवटच्या रकान्यात. थोरल्यांनी समजावलं की एकदा उजवीकडे गेलेलं काम परत डावीकडे आणायचं नाही, पेशंट उगाच आशेला लागतो. मी मान डोलावली. नव्या घरात पहिल्या आठवड्यात अक्कल पाजळायची नाही, हा माझा नियम.

पण दुपारी अंग पुसताना धाकट्यांनी माझं बोट घट्ट धरलं. हात गेलेल्या माणसाची पकड अशी नसते.

गुरुवार, ६

थोरल्या बाजारात गेल्या तेव्हा मी धाकट्यांच्या हातात चमचा दिला. सूप सांडलं, हनुवटी माखली, पण तीन चमचे त्यांचे त्यांनी खाल्ले. आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो. तेवढ्यात आमचं 'अहो' गेलं आणि 'अगं' आलं.

मग ती एकेक शब्द जुळवत बोलली. आजारात तिचा फक्त उजवा पाय अधू झाला होता. सांडतं म्हणून ताईने चमचा काढून घेतला. पडशील म्हणून काठीही. दमशील म्हणून बोलायचं नाही. वापरायला मिळालं नाही ते हळूहळू खरंच जात राहिलं. शेवटी म्हणाली, "तू इथे आजारी पडू नकोस."

सोमवारी ऑफिसातून सुपरवायझर बाई तपासणीला येतात. त्यांच्यासमोर हिला चमच्याने जेवायला लावायचं, मग बघू थोरल्या काय म्हणतात ते.

शुक्रवार, ७

थोरल्यांना चादरीवर सुपाचा डाग सापडला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बराच वेळ बाथरूम घासत बसल्या, मग मला गोड आवाजात आंघोळीला पाठवलं. फरशीवर साबण तसाच होता.

घोटा टम्म सुजलाय. पट्टी मात्र काय सुरेख बांधली त्यांनी. गोळी दिली आणि दुखणं पळालं. माझा पलंग धाकटीच्या शेजारी आणून ठेवलाय, म्हणजे हाक ऐकू येईल. धाकटी माझ्याकडे बघून रडतेय.

रविवार, ९

गोळीने जीभ जड झालीय. आज नको म्हटलं. थोरल्यांनी माझं नाक दाबलं, अगदी हळुवार, आणि तोंड उघडताच गोळी आत सारली. पेशंट ऐकत नसला की मीही असंच करायचे.

डोळ्यांना ताण नको म्हणून फोन नेला. भिंतीवर दुसरा तक्ता लावलाय. माझा. चालणं उजवीकडे, आंघोळ उजवीकडे. घोटा मुरगळलाय नुसता, एक घोटा—

मला भीती वाटते. वही उशीखाली लपवतेय.

सोमवार, १०

सुपरवायझर आल्या. मी बोलायला गेले, तोंडातून नुसती घरघर. थोरल्या म्हणाल्या, ताप आहे, डॉक्टर बघून गेले. सुपरवायझरांनी धाकटीची पाठ बघितली, चादर, नखं. माझीही. सगळीकडे टिक. म्हणाल्या, इतकी काळजी तर माहेरीही कोणी घेणार नाही.

पेशंटला विचारा, असं त्या फॉर्मात कुठेच नाही. मला माहीत आहे. बारा वर्षांत मी तरी कोणाला—

धाकटीने चमचा उचलला होता. थरथरत तोंडापर्यंत नेला. तोवर सुपरवायझर दारातून—

बुधवार, १२

वही सापडली थोरल्यांना. फाडली नाही. छान लिहितेस म्हणाल्या, पण बोटांना किती त्रास. आजच्या दिवस लिही. उद्यापासून तू सांग, मी लिहीन—

मी काय सांगणार— जीभच नाही हलत— मग त्या काय लिहि—

धाकटीचा चमचा कुठे दिसत नाही

गुरुवार, १३

मी अगदी सुखात आहे. थोरल्या बाई वेळच्या वेळी भरवतात, केस विंचरतात. लिहिण्याचं काम आता त्यांनीच घेतलं आहे, त्यामुळे माझी दगदग वाचली. मी बोलत नसले तरी माझ्या मनातलं त्यांना बरोबर कळतं. घरच्यांनी काळजी करू नये, भेटायला येण्याचीही गरज नाही. मला इथून कुठेही जायचं नाही. मला

जायचंय मला जाय